ताईसाठी केलेली जागा

ताई आली त्या दिवशी तिच्या दोन बॅगा ठेवायला घरात जागा नव्हती. एक आम्ही पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली, दुसरी दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर. माझी भाची चार वर्षांची. ती आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि उभीच राहिली, कारण बसायचं कुठे हे तिला कळलं नाही. मग आईने शिलाई मशीनवरचं कपड्यांचं बोचकं खाली ओढलं आणि तिला मशीनवर बसवलं.

ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराच्या आधीचा तो रविवार होता. ठाण्यात कोपरीतल्या चाळीत आमची एक खोली आणि मागे छोटं स्वयंपाकघर आहे. आई, पप्पा आणि मी, असे आम्ही तिघं कायमचे. पण तिघंच असे आम्ही क्वचितच असतो. पप्पा एका इस्पितळात वॉर्डबॉय आहेत, त्यामुळे नगरकडच्या आमच्या गावात कुणाचं ऑपरेशन निघालं की पेशंट आणि त्याच्यासोबतची माणसं आमच्याकडे उतरतात. माणसं बरी होऊन जातात, सामान राहतं. कुणाची ट्रंक, कुणाच्या गोधड्या, कुणाचा स्टोव्ह. पुढच्या खेपेला नेऊ म्हणतात. पप्पा त्या प्रत्येक वस्तूची राखण करतात.

मी हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे लिहिण्याचं काही काम निघालं की माझ्याकडेच येतं. रेशनकार्डाचा अर्ज, गावच्या लोकांचे दाखले, सगळं मी लिहिते. पण हे कुणी सांगितलेलं नाही. नीट लिहिता येईल की नाही तेही माहीत नाही.

शेजारणींना आईने सांगितलं, "लेंटसाठी आलीय. मला तेवढीच मदत." ते सगळ्यांना पटलं. लेंटचे, म्हणजे त्या उपासाचे, चाळीस दिवस आमच्यात कामं वाढतात. रोज संध्याकाळी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांपैकी, एकेका घरी प्रार्थना असते, तिला आम्ही कॉटेज म्हणतो. तिथे जायचं, चहा-बिस्किटांना हातभार लावायचा. शिवाय मटण-मासळी बंद असल्यामुळे रोज भाजी काय करायची हा एक प्रश्न. तेव्हा लेक आईकडे आली यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. ताईचं सासर शीळफाट्याच्या पुढे आहे, फार लांब नाही. भाऊजी दर रविवारी आमच्याच देवळात यायचे. देवळात म्हणजे चर्चमध्ये, आम्ही देऊळच म्हणतो. ते ढोलकी फार छान वाजवतात. त्यांनी ठेका धरला की म्हाताऱ्या बायकासुद्धा माना हलवतात.

ताई कायमची आली आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीच एकदा पप्पांना म्हटलं, "पप्पा, ताई इथेच राहिली तर?"

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "राहू दे की. माझी पोरगी आहे. पण जागा कुठे आहे?"

मी ते शब्दशः घेतलं.

बुधवारी देवळात कपाळाला राख लावून झाल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, सांगितलं की या वर्षी नुसतं मटण सोडून भागणार नाही. घरात किती साठवून ठेवलंय ते उघडून बघा. रोज एक वस्तू घराबाहेर काढा, ज्याला गरज असेल त्याला द्या. बायकांच्या रांगेत थोडं हसू झालं. मी मात्र बसल्या जागी हिशेब केला. रविवार धरायचे नाहीत, म्हणजे चाळीस वस्तू. खिडकीखालच्या कोपऱ्यात नगरकडच्या सामानाचा ढीग होता, तो काढला तर एक माणूस आणि एक लहान मूल झोपेल एवढी जागा होते. घरी येऊन मी ओढणीने माप घेतलं. ताईला म्हटलं, "तू झोपून बघ ना जरा."

"कुठे झोपू? त्या ट्रंकेवर?"

"ट्रंक नाही असं समज."

ती खरंच ट्रंकेला चिकटून, अंग चोरून आडवी झाली, आणि भाची तिच्या पोटावर जाऊन बसली. तिघीही हसलो. आई ओट्याशी होती, ती हसली नाही.

पहिल्या दिवशी मी पत्र्याचे रिकामे डबे काढले, त्याला कुणाची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी आत्याचा कुकर काढला, ज्याला दांडाही नव्हता आणि शिट्टीही नव्हती, आणि तिथे पप्पा आडवे आले.

"तो तुझ्या आत्याचा आहे. आली की मागेल."

"पप्पा, आत्या सहा वर्षांत आलेली नाही."

"म्हणूनच आता येईल."

एक्सरेंवरून तर तीन दिवस वाद झाला. गावातल्या अर्ध्या लोकांची हाडं आमच्या कपाटावर होती, मोठ्या पिवळ्या पाकिटांत, वर बॉलपेनने नावं लिहिलेली. मी म्हटलं, यातले काही जण तर वारलेत. पप्पा म्हणाले, "एक्सरे फेकतात का? उद्या त्याचा हात परत मोडला तर?"

"कुणाचा? वारला त्याचा?"

"जे आहेत त्यांचा म्हणतोय मी."

"मग नवा काढतील ना."

"जुना बघितल्याशिवाय डॉक्टर नवा काढत नाही. तुला कॉलेजात हे शिकवत नाहीत."

ताई मागून म्हणाली, "एक एक्सरे म्हणजे एक दिवस धरलास ना, तर तुझं लेंट नाताळापर्यंत जाईल."

शेवटी वारलेल्यांचे काढायचे आणि जिवंत असलेल्यांचे ठेवायचे असं ठरलं. पप्पांनी स्वतः बसून निवडले. एकेक पाकीट उजेडाकडे धरून बघायचे आणि सांगायचे, हा विहिरीवरून पडला होता, हिला चालता येत नव्हतं, मी उचलून नेली होती टॅक्सीपर्यंत. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पप्पा हे सगळं का ठेवतात. इस्पितळात त्यांना कुणी विचारत नाही. गावच्या लोकांसाठी मात्र ते ठाण्यातले मोठे माणूस होते. मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही.

सलाईनचा एक जुना लोखंडी स्टँड होता. तो मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याकडे टाकून आले. दुसऱ्या दिवशी पप्पा ड्युटीवरून आले ते तोच स्टँड खांद्यावर घेऊन. "बघ काय मिळालं. लोक काहीही टाकतात. आपल्याकडे एक आहे, आता जोडी झाली."

आई म्हणाली, "अहो, तो आपलाच आहे."

पप्पांनी स्टँड भिंतीला टेकवला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग तर आणायलाच पाहिजे होता," म्हणाले.

काम खरं ताईच करायची. मी सकाळी कॉलेजला जायचे, दुपारी आले की पाहायचे तर तिने सगळा भाग पुसून, झाडून, सामान वेगळं करून ठेवलेलं असायचं. आमच्या घरात एवढ्या वेगाने काम करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. जेवायला बसली तरी अर्ध्या घासावरून उठून कुणाला तरी पाणी द्यायची. आई म्हणायची, "बस गं, पाहुणी आहेस." आणि मग दोघीही एकदम दुसऱ्याच कामाला लागायच्या.

एका दुपारी आम्ही दोघी माळ्यावर चढलेलो. तिथे सरळ बसता येत नाही, डोकं छताला लागतं. तिथे ताईच्या अकरावी-बारावीच्या वह्यांचा गठ्ठा निघाला. अकाउंट्सच्या वह्या, तिचं अक्षर छापल्यासारखं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणे म्हणत नाही, मार्कलिस्टा आहेत. बारावीनंतर तिचं लग्न ठरलं, कारण स्थळ आपल्यातलं होतं, मुलगा देवळात ढोलकी वाजवायचा आणि नोकरी पक्की होती. मी पुढे शिकले कारण माझ्या वेळी असं स्थळ आलं नाही, एवढंच.

तिने वह्या चाळल्या नाहीत. मागची कोरी पानं तेवढी फाडून घेतली, "तुला रफला होतील," म्हणाली, आणि बाकीचा गठ्ठा भंगाराच्या गोणीत टाकला. मी काही बोलणार तर तिने बाही कोपराच्या वर सरकवली होती, गोणी दाबण्यासाठी, आणि दंडावरचं निशाण मला दिसलं. जुनं होतं, पिवळं पडलेलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"ही पोटात होती तेव्हापासून."

"आईला माहीत आहे?"

"मी सांगितलेलं नाही. पण तिला माहीत आहे."

"मग पप्पांना सांगू या ना ताई."

"काय सांगणार? त्यांना जावई आवडतो. सगळ्या मंडळीला आवडतो." तिने बाही खाली केली. "तू तुझी परीक्षा बघ. मी बघते माझं."

ती तिचं कसं बघत होती ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता थोडं कळतं. एकदा ती मला म्हणाली, कॉलेजला जाताना त्या बालवाडीत विचार ना, जूनमध्ये चार वर्षांच्या मुलांना घेतात का. सहज विचारल्यासारखं विचार, नाव सांगू नकोस. मी फॉर्मच घेऊन आले. तिने तो चौघडी करून बॅगेच्या तळाशी ठेवला. चाळीतल्या एका बाईला ब्लाऊज शिवून हवे होते, तर आत्याचं ते शिलाई मशीन तिने पुसून तेलपाणी करून चालू केलं. ते मशीन भंगारात द्यायचं माझ्या यादीत होतं, तिने मला ते खोडायला लावलं. कुणी विचारलं की म्हणायची, "हो, ईस्टरपर्यंत आहे." मग हळूच "शाळा सुरू होईपर्यंत आहे" असं म्हणायला लागली.

पाचव्या आठवड्यात कोपरा मोकळा झाला. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, कारण ढिगामागची भिंत ओलीने फुगलेली निघाली. पण ताईने तिथे धुतलेली वाकळ अंथरली. भाची त्यावर लोळली, उठली, परत लोळली. पप्पा ड्युटीवरून आले आणि दारात थांबले. "अरे," एवढंच म्हणाले. मग चप्पल काढून आत आले आणि त्या जागेला वळसा घालून गेले, जसं काही ढीग अजून तिथेच आहे.

जागा झाली म्हणून आईने कॉटेज मागितली. आमच्या घरी कितीतरी वर्षांत कॉटेज झाली नव्हती. आमची पाळी आली की शेजारच्या एका मंडळीतल्या घरात व्हायची आणि आई त्यांच्या ओट्याशी चहा करायची. या वेळी आईने चाळीतून दोन सतरंज्या आणल्या, केस विंचरून ठेवणीतली साडी नेसली आणि दारात उभी राहून प्रत्येकाला "सलाम, या, आत या, जागा आहे" म्हणाली. पंचवीसेक माणसं आली. काही गॅलरीत बसली. भाऊजी आले नाहीत, त्यांची सेकंड शिफ्ट होती. पाळकसाहेब त्या कोपऱ्यात, वाकळीवरच बसले आणि म्हणाले, "किती मोकळं झालं हो घर." आईचा चेहरा मी विसरणार नाही.

गाणी झाली, बायबलमधलं वचन झालं. मग विनंत्या. म्हणजे शेवटी प्रत्येक जण आपल्याला कशासाठी प्रार्थना हवी ते सांगतो आणि मग सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना होते. कुणी गुडघेदुखी सांगितली, कुणी मुलाचं दुबईचं काम. एक काकू म्हणाल्या, सुनेचं आणि माझं पटू दे, आणि सून शेजारीच बसली होती, तर सगळे हसले. पाळकसाहेबांनी विचारलं, "या घरच्यांची काही विनंती?"

आई म्हणाली, "सगळं ठीक आहे, उपकार मानतो."

तिथे ते संपायला हवं होतं. पण मला वाटलं, इतके दिवस हे सगळं मी ज्यासाठी केलं ते देवाला सांगितल्याशिवाय कसं चालेल. मला खरंच तसं वाटलं. खोटं बोलून प्रार्थना घ्यायची आणि जागा मात्र करून ठेवायची, हे मला बरं वाटेना. मी म्हटलं, "ताईला तिकडे त्रास आहे. तिला आता इथेच राहता यावं, म्हणून प्रार्थना करा."

आईने माझ्या मांडीवर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. पप्पा जमिनीकडे बघत होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, तिने भाचीची वेणी सोडली आणि परत घालायला सुरुवात केली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. त्यांनी गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, दुबईसाठी केली. मग ताईचं नाव घेतलं आणि आवाज हळू केला. सुरुवातीला तिच्या दुःखाबद्दल बोलले. मग म्हणाले, हे घर जुळू दे. दोघांची मनं नरम कर. मुलीला तिचे आईवडील दोघंही मिळू देत. मी डोळे उघडले. मी हे मागितलं नव्हतं. पण सगळी माणसं मान खाली घालून "आमेन" म्हणत होती, आणि त्यात माझी आईही होती.

त्यानंतर सगळं फार प्रेमाने झालं. मला हेच नीट सांगता येत नाही. कुणी टोचून बोललं नाही. बायका दुपारी यायच्या, ताईचा हात हातात घ्यायच्या, आपापल्या संसारातलं सांगायच्या. आमच्या ह्यांनी पण सुरुवातीला, असं म्हणायच्या. एकीने सोबत लापशी आणली. पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेस, दोनदा आल्या. मंडळीतले दोन वडीलधारे शीळफाट्याला भाऊजींना भेटून आले. भाऊजींनी सगळं मान्य केलं म्हणे. रागीट आहे मी, म्हणाले, आणि रडले.

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यातल्या, मंगळवारी ते आमच्या घरी आले, पाळकसाहेब आणि त्या दोघांबरोबर. बसायला आता जागा होती. भाऊजी वाकळीवर बसले. त्यांनी आईच्या पाया पडून माफी मागितली, मग पप्पांच्या. ताईसमोर हात जोडले. डोळे लाल झालेले. मला सांगायला हवं की ते मला खोटे वाटले नाहीत. मी तसं म्हणाले तर ते खोटं होईल.

पाळकसाहेबांनी ताईला विचारलं, "तुला काय वाटतं बेटा? सगळ्यांसमोर मोकळं बोल."

ताई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "असं नाही, तिला आधी एकटीला विचारा ना. तिच्या दंडावर..."

पप्पा म्हणाले, "तू गप्प बस. कॉलेजात जातेस म्हणून मोठी झाली नाहीस." मग जरा थांबून, सगळ्यांकडे बघत, "लेंटमध्ये माफ करायचं नाही तर कधी करायचं?"

शनिवारी ताईने सासरी जायचं असं ठरलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन आम्ही सगळे देवळात होतो. सात जण येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांवर बोलले. ताई सासूशेजारी बसली होती, माझ्या दोन रांगा पुढे. त्या दिवशी ढोलकी नसते. मी तीन तास तिच्या पाठीकडे बघत बसले आणि काय बोललं गेलं ते मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी तिने बॅगा भरल्या. मी मदतीला बसले, पण भरण्यासारखं फार नव्हतं. तळातला बालवाडीचा फॉर्म तिने काढला आणि रद्दीच्या पेपरांत सरकवून दिला.

मी म्हटलं, "ताई, मी तुझ्यासाठी बोलले."

"माहीत आहे गं."

"मला वाटलं, सगळ्यांना कळलं तर कुणीतरी..."

"कुणाला माहीत नव्हतं तोवर मला राहता येत होतं." ती भाचीचा फ्रॉक घडी करत होती, ती घडी तिने दोनदा मोडून परत घातली. "ईस्टरपर्यंत, मग शाळेपर्यंत, मग पावसाळा काढून जाईन म्हटलं असतं. तिकडचे पण हळूहळू विसरले असते. कुणाला नाही म्हणावं लागलं नसतं, ना पप्पांना, ना मला. तू विचारलंस ना, मग सगळ्यांना उत्तर द्यावंच लागलं."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. रागावलीही नाही. "चल, दोरी दे, ही चेन लागत नाही," म्हणाली. पप्पांनी रिक्षा आणली. त्यांनी भाचीला उचलून खालपर्यंत नेलं, ज्या पद्धतीने ते पेशंटला नेतात तसं, दोन्ही हात खाली घालून.

त्या कोपऱ्यात आता मी अभ्यास करते. शेवटच्या वर्षाचा अभ्यास तिथेच झाला. येणारे-जाणारे म्हणतात, बरं झालं, पोरीला अभ्यासाला जागा झाली. पप्पांनी तिथे परत काही आणून ठेवलं नाही, आणि हे मला ढिगापेक्षा जास्त त्रास देतं. गावाहून एक पेशंट आला होता, त्याला त्यांनी स्वयंपाकघरात झोपवलं.

मे महिन्यात परीक्षा झाल्यावर मी ताईकडे गेले. आईने आंब्याची पिशवी दिली होती. ताईचं घर सहाव्या मजल्यावर आहे, तिथून सगळीकडे बांधकामंच दिसतात. घर स्वच्छ होतं. तिची सासू सोफ्यावर बसली होती आणि मी होते तेवढा वेळ बसूनच होती. आम्ही आंब्यांबद्दल बोललो, लिफ्टबद्दल बोललो, माझा निकाल कधी लागेल याबद्दल. भाचीने मला ए बी सी डी म्हणून दाखवलं. ताईने पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता. मेच्या उन्हात. मी त्याच्याकडे बघितलं आणि तिने मी बघितलेलं बघितलं.

निघताना सासूला म्हणाली, "हिला रिक्षापर्यंत सोडून येते." खाली फाटकापाशी शेअर रिक्षा उभी होती, दोन माणसं आत, तिसरी मी. ड्रायव्हर चौथ्यासाठी थांबला होता.

मी म्हटलं, "कशी आहेस?"

"बरी आहे."

"खरं सांग."

ती वर पाहत होती, सहाव्या मजल्याच्या दिशेने. मग म्हणाली, "एक ऐक. घरी माझ्याबद्दल काही बोलू नकोस. कॉटेजमध्ये पण नको. प्रार्थना करायची तर मनात कर, कुणाला ऐकू जाईल अशी करू नकोस."

मी म्हटलं, "बरं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

रिक्षा भरायच्या आधीच ती वळली, कारण वेळ लागला असता तर वर विचारलं असतं. लिफ्टपाशी न थांबता ती जिन्याने गेली. चौथा माणूस यायला बराच वेळ लागला. मी तोवर मनात म्हणायचा प्रयत्न केला, पण काय मागायचं तेच मला कळेना.